गरोदरपणात शिंकताना-खोकताना लघवी निसटते : कोणाला सांगावे आणि काय करावे?

अबोली (सातारा जिल्हा) यांची विचारणा

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. सध्या 28 वा आठवडा सुरू आहे. गेल्या महिनाभरापासून एक त्रास होत आहे आणि घरात किंवा शाळेत तो कोणाजवळ मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे. शिंक आली, जोराचा खोकला आला किंवा खाली वाकून वह्यांचा गठ्ठा उचलला की थोडी लघवी निसटते.

पहिल्यांदा हे वर्गातच घडले. फळा पुसताना खडूची धूळ नाकात गेली, लागोपाठ तीन शिंका आल्या आणि तिसऱ्या शिंकेला परकर ओला झाल्याचे जाणवले. तास संपेपर्यंत मी टेबलामागून हलले नाही. तेव्हापासून मी गडद रंगाच्याच साड्या नेसते, आत सुती कापडाची घडी ठेवते आणि शाळेच्या वेळात पाणी जवळजवळ पीतच नाही. सकाळी निघताना अर्धा पेला पिते, त्यानंतर थेट संध्याकाळी घरी आल्यावर. तरीही त्रास कमी झालेला नाही. उलट लघवी गडद पिवळी होते, जाऊन आल्याबरोबर पुन्हा लागल्यासारखी वाटते आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून शौचालाही कडक होते.

सासूबाईंना एकदा धीर करून सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, पोटुशीपणी सगळ्यांनाच होतं, बाळंत झालीस की आपोआप थांबेल." त्यांनी ते मायेनेच सांगितले, परंतु माझी स्वतःची आई, जिच्या शेवटच्या बाळंतपणाला आता जवळपास तीस वर्षे होत आली, ती आजही एसटीने लांबच्या गावी जायचे असले की आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. लहानपणापासून मी हे पाहत आले आणि ती तिची सवयच आहे असे समजत आले. त्यामागचे कारण काय असावे, ते मला आता कळू लागले आहे.

तपासणीला मी नियमित जाते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके हे सारे कार्डावर लिहिले जाते. परंतु लघवी निसटते का, असे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मागे दहा जणी रांगेत उभ्या असताना हा विषय काढायला तोंडच उघडत नाही. हा आजार आहे की गरोदरपणाचाच भाग आहे, यामुळे बाळाला काही अपाय होतो का, आणि ज्या व्यायामांविषयी वाचते ते सातव्या महिन्यात सुरू केले तर चालतात का, हे कोणी जाणकारांनी सांगावे. शिवाय जे निसटते ते लघवीच आहे, गर्भजल नाही, हे कसे ओळखावे, ही भीतीही मनात आहे.

केतकी यांचा प्रतिसाद

अबोलीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अनेक वर्षे प्रामुख्याने गरोदर व बाळंतीण स्त्रियांबरोबर काम करते. सर्वांत आधी तुमच्या भीतीविषयी लिहिते : शिंकताना थोडी लघवी निसटल्याने बाळाला कोणताही अपाय होत नाही. हा त्रास पुष्कळ जणींना होतो हे सासूबाईंचे म्हणणेही बरोबर आहे. मात्र 'पुष्कळ जणींना होतो' याचा अर्थ 'त्यावर काही करायचे नसते' असा आपल्याकडे लावला जातो आणि तेथेच चूक होते. बाळंतपणानंतर सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना हा त्रास असतो, तेव्हा सर्वांचाच आपोआप थांबतो असे म्हणता येत नाही. तुमच्या आईंचे उदाहरण तुमच्यासमोरच आहे.

असे का होते, ते थोडक्यात सांगते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांचा भार त्या झोळीवर असतो, आणि लघवीचा मार्ग आवळून धरण्यातही तिचा वाटा असतो. गरोदरपणात शरीरातील संप्रेरकांमुळे हे स्नायू व त्यांना बांधून ठेवणारे तंतू सैलावतात, त्याच वेळी वाढती गर्भपिशवी वरून मूत्राशयाला दाबत असते. शिंक येताना पोटातला दाब क्षणात वाढतो, तो झोळीला पेलत नाही आणि लघवी निसटते. याला ताणाने होणारी गळती म्हणतात. जोराची घाई होऊन शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होणे हा दुसरा प्रकार, आणि काहींना दोन्ही एकत्र असतात. तुमच्या वर्णनात पहिला प्रकार स्पष्ट दिसतो; पण 'जाऊन आल्याबरोबर पुन्हा लागते' हे वाक्य मला वेगळे वाटते. त्याचे कारण कमी पाणी असू शकते किंवा जंतुसंसर्गही असू शकतो, म्हणून लघवीची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

पाणी तोडणे मात्र आजच थांबवा, हे मी आग्रहाने सांगते. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई वाढते. शिवाय शौच कडक होते, त्यासाठी कुंथावे लागते आणि प्रत्येक वेळी कुंथताना तीच झोळी खाली ढकलली जाते. म्हणजे ज्या उपायाने त्रास कमी होईल असे तुम्हाला वाटते, तोच त्रासाला खतपाणी घालतो आहे. लोहाची गोळी मनाने बंद करू नका, कारण तुम्हाला आणि बाळाला तिची गरज आहे. कडकपणाबद्दल डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा गोळी बदलून देतील. पालेभाजी, पेरू, भिजवलेले मनुके, भाकरी हे आहारात वाढवा. पाणी दिवसभर थोडे थोडे प्या आणि दर दोन-तीन तासांनी, घाई होण्याची वाट न पाहता, लघवीला जाऊन या.

आता व्यायामाविषयी. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये यावर लिहिले, म्हणून याला केगेल व्यायाम असे नाव पडले. सातव्या महिन्यात तो सुरू करता येतो, मात्र रक्तस्राव होत असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर आधी त्यांना विचारावे. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन निजा. चारचौघांत बसलेले असताना वारा सरू नये म्हणून आपण जे आकसून धरतो ते आकसा, त्याच वेळी लघवीची धार अडवावी तसे पुढूनही आकसा, आणि ते सगळे आत व वर ओढून घ्या. मांड्या, नितंब आणि पोट सैल राहिले पाहिजे. श्वास कोंडायचा नाही. त्यासाठी मी बायकांना मोठ्याने आकडे मोजायला सांगते, कारण बोलताना श्वास कोंडता येत नाही. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता आले तरी पुरे, हळूहळू दहापर्यंत जा आणि जितका वेळ धराल तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असे एका वेळी किमान 8 आणि दिवसातून तीन वेळा करा.

बाई आली की मी आधी एका कडक खुर्चीवर टॉवेलची घट्ट वळकटी ठेवते आणि तिला त्यावर उभी-आडवी नव्हे, तर घोड्यावर बसल्यासारखी बसवते. बरोबर आकसले की त्या वळकटीपासून अंग किंचित वर उचलल्यासारखे जाणवते. अनेक जणी पहिल्यांदा नेमके उलटे करतात : जोर लावून खाली ढकलतात आणि वळकटीवर भार वाढतो. असा उलटा व्यायाम महिनोन्‌महिने केला तर फायदा दूरच, नुकसानच होते. त्यामुळे शक्य असेल तर एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असेल तर तेथे फिजिओथेरपी विभाग असतो. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करण्याची सवयही लावून घेऊ नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची शक्यता असते.

यातून काय अपेक्षा ठेवावी, तेही प्रामाणिकपणे सांगते. कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये 21 देशांतील 10,832 स्त्रियांवरील 46 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्यांना त्रास नव्हता आणि ज्यांनी गरोदरपणातच हा व्यायाम सुरू केला, त्यांच्यात शेवटच्या महिन्यांत गळतीचा धोका 62 टक्क्यांनी कमी आढळला. त्रास आधीच सुरू झालेल्या गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मात्र फायदा इतक्या स्पष्टपणे दिसला नाही. म्हणजे हे सर्वांत आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच प्रत्येकीला शिकवायला हवे होते. ते तुम्हाला शिकवले गेले नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. तरीही ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार ताणाने होणाऱ्या गळतीवर पहिला उपाय हाच, आणि तोही किमान तीन महिने देखरेखीखाली. त्याच संस्थेने 2021 मध्ये असेही सुचवले की आई किंवा सख्ख्या बहिणीला असा त्रास असेल तर गरोदर स्त्रीला 20 व्या आठवड्यापासूनच तीन महिन्यांचा कार्यक्रम देण्याचा विचार करावा. तुमच्या आईंची माहिती डॉक्टरांना द्या, ती महत्त्वाची आहे.

एक गोष्ट लगेच उपयोगी पडेल. शिंक येणार असे नाकाला जाणवते त्या क्षणी, शिंकण्याआधी, आकसून धरा आणि शिंक होईपर्यंत सोडू नका. वह्या उचलताना गुडघ्यांत वाका, आकसा, आणि श्वास सोडत उचला. शाळेत प्रत्येक तासाच्या घंटेला दोन वेळा आकसायचे असे ठरवून टाका. व्यायाम विसरला जातो ही माझ्याकडे येणाऱ्या बायकांची सर्वांत मोठी अडचण असते.

सोनचाफा यांचा प्रतिसाद

अबोली, तुझे टेबलामागे थांबून राहणे वाचून मला माझे दिवस आठवले. मी बँकेत काउंटरवर बसते. पहिल्या वेळी सहाव्या महिन्यापासून हा त्रास होता आणि मी तो बाळ वर्षाचे होईपर्यंत कोणालाही सांगितला नाही. पाळीचे पॅड दिवसभर वापरत राहिले; ते लघवीसाठी केलेले नसल्याने ओल अंगाशी राहिली आणि जांघेत असे चट्टे उठले की चालताना डोळ्यांत पाणी येई. लघवीसाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. कापडच वापरायचे असेल तर ते ओले होताच बदल आणि उन्हात वाळव. पण हे तात्पुरते आहे, उपाय नव्हे, हे मला फार उशिरा कळले.

दुसऱ्या वेळी मी तोंडाने सांगू शकले नाही तेव्हा चिठ्ठी लिहिली. "खोकताना लघवी होते. गेल्या आठवड्यापासून जळजळही आहे. सर्वांसमोर बोलता येत नाही." एवढ्या तीन ओळी लिहून कार्डाच्या आत ठेवल्या आणि कार्ड डॉक्टरांच्या हातात दिले. त्यांनी ती वाचली, बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितले आणि लघवीचे कल्चर करायला पाठवले. त्यात जंतुसंसर्ग निघाला. गरोदरपणात चालणारे औषध मिळाले आणि घाई पुष्कळ कमी झाली. शिंकेची गळती राहिली, पण ती वेगळी होती आणि व्यायामाने पुढे आटोक्यात आली. मी तोवर सगळ्याला एकच त्रास समजत होते. गरोदरपणातला असा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि त्यामुळे कळा वेळेआधी सुरू होण्याचा धोका असतो, हे त्यांनी तेव्हा समजावले. तूही चिठ्ठी लिही.

आणखी एक. माझ्या मैत्रिणींनी मला "सिझरच करून घे, म्हणजे पुढे त्रास नको" असे सुचवले होते. मी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी नॉर्वेतील 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे आकडे सांगितले : मूल न झालेल्यांपैकी 10.1 टक्के, सिझर झालेल्यांपैकी 15.9 टक्के आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्यांपैकी 21 टक्के स्त्रियांना गळती होती. म्हणजे सिझरने धोका काहीसा कमी होतो, पण मिटत नाही, कारण गरोदरपणाचा भार तर झोळीने वाहिलेलाच असतो. केवळ या कारणासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेणे मला पटले नाही.

निवृत्त परिचारिका (मराठवाडा) यांचा प्रतिसाद

मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात चौतीस वर्षे काढली. गर्भजलाविषयी विचारले आहे, त्याबद्दल अनुभवाने सांगते.

लघवीला तिचा वास असतो, रंग पिवळसर असतो आणि ती शिंक, खोकला, उचल अशा कारणाने येते व थांबते. अंगावरून जाणारे पांढरे चिकट, दाटसर असते आणि गरोदरपणात ते थोडे वाढतेच. पाणमोट फुटली की येणारे पाणी पातळ, बहुधा रंगहीन असते, त्याला लघवीचा उग्र वास नसतो आणि मुख्य म्हणजे ते आकसून थांबवता येत नाही. कूस बदलली, उठून उभे राहिले की पुन्हा येते. शंका असेल तर लघवीला जाऊन या, कोरडे पांढरे पॅड लावा, अर्धा तास आडवे व्हा आणि मग उठून पाहा. परंतु अर्धा तास पाहूनही कळले नाही तर आणखी वाट पाहू नका, दवाखाना गाठा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्त असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा 37 आठवडे भरले नसतील तर हा अर्धा तासही घालवायचा नाही.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण आहे. आठव्या महिन्यातली एक मुलगी दोन दिवस परकर बदलत घरी बसली होती, कारण घरच्यांनीही "लघवीवर ताबा राहत नाही या दिवसांत" असेच तिला सांगितले होते. आली तेव्हा अंगात ताप होता. मी तिचा हात धरला तर तो चटका बसावा इतका तापला होता. आई आणि मूल दोघेही वाचले, पण बाळाला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. 'हे चालायचेच' या एका वाक्याने दोन दिवस गेले होते.

दुसरी एक गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लघवी थेंब थेंब सतत गळते, पण मोकळी होत नाही आणि ओटीपोट फुगून दुखते, असे असेल तर ती नेहमीची गळती नव्हे. गर्भपिशवी मागे कललेली असताना क्वचित लघवी तुंबते आणि भरलेल्या हंड्यासारखी वरून सांडत राहते. तेव्हा ताबडतोब नळी घालून ती काढावी लागते. बाळंतपणानंतरही सहा तासांत लघवी झाली नाही तर स्वतः होऊन सांगा. सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते आणि बाळंतीण संकोचाने गप्प राहते. आणि बाळंतपण फार अडून झाल्यावर रात्रंदिवस, न थांबता गळत राहिले तर ते व्यायामाचे काम नाही, तेथे जखम असू शकते आणि ती शस्त्रक्रियेने बरी करता येते. कपाळी आले म्हणून सोसत बसू नये.

गार्गी यांचा प्रतिसाद

मी योगवर्ग घेते. हठयोगातला मूलबंध आणि हा व्यायाम एकच का, असे माझ्याकडील गरोदर स्त्रिया विचारतात. मी काय सांगावे?

केतकी यांचे उत्तर

आकसण्याची जागा बरीचशी तीच आहे, त्यामुळे ज्यांनी मूलबंध केला आहे त्यांना हा व्यायाम लवकर जमतो असे मी पाहिले आहे. मात्र मूलबंध पुष्कळदा श्वास रोखून, कुंभकासह शिकवला जातो आणि गरोदरपणात श्वास रोखू नये. शिवाय सोडण्यालाही धरण्याइतकेच महत्त्व आहे. प्रसूतीच्या वेळी हे स्नायू सैल सोडता यावे लागतात, म्हणून आपल्या वर्गात प्रत्येक वेळी पूर्ण सैल झाल्याची खात्री करून घ्या.

अबोली (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. चिठ्ठी लिहून नेली. तपासणी दर महिन्याच्या 9 तारखेची होती, त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर असतात. त्यांनी चिठ्ठी वाचून मला पडद्याआड बोलावले आणि शांतपणे सर्व विचारले. लघवीत संसर्ग निघाला नाही. लोहाची गोळी त्यांनी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितले होते : किती वाजता पाणी प्यायले, किती वाजता लघवीला गेले, केव्हा निसटली. ती वही पाहताना माझ्याच लक्षात आले की बहुतेक वेळा ते दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान, म्हणजे सकाळपासून एकदाही शौचालयात न गेल्यावर घडत होते. आता मधल्या सुट्टीआधी आणि नंतर असे दोनदा जाते. मुख्याध्यापिकांना कारण सांगितले तेव्हा त्यांनी शिक्षकांच्या शौचालयाची किल्ली माझ्याकडेच ठेवली. पाणी पिते आहे. घंटेला आकसण्याची सवय लागली आहे. त्रास पूर्ण गेलेला नाही, पण खडूच्या शिंकेला आता बहुतेक वेळा कोरडी राहते.

आईला फोन करून हे सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या वेळेपासून आहे गं मला. आणि आता बसताना काहीतरी खाली आल्यासारखंही वाटतं." केतकीताई, तिला आधी कोणाकडे न्यावे? आणि या वयात व्यायामाचा उपयोग होईल का?

केतकी यांचे उत्तर

अबोलीताई, 'खाली आल्यासारखे वाटते' म्हणजे गर्भपिशवी किंवा मूत्राशय सरकले असण्याची शक्यता आहे, याला आपल्याकडे अंग बाहेर येणे म्हणतात. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. किती सरकले आहे ते तपासूनच ठरते. थोडे असेल तर व्यायामाने आणि आत बसवायच्या रिंगेने आराम पडतो, जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. व्यायामाचा उपयोग त्यांच्या वयातही होतो, त्याला वयाची अट नाही. तपासणी होईपर्यंत त्यांना पाण्याच्या कळशा आणि धान्याची पोती उचलू देऊ नका, आणि प्रवासासाठी पाणी तोडू नको म्हणून सांगा. तुमच्या पुढच्या 9 तारखेला त्यांनाही बरोबर न्या, त्याच रुग्णालयात त्यांचा केसपेपर वेगळा काढता येईल.